व्हिजिबिलिटी

रोज सकाळी साडेसातला फळ्यावर खडूने लिहायचो:
आज व्हिजिबिलिटी अठरा मीटर.
खाली नेहमीची ताकीद. राखीव उपसागर आहे,
कशालाच हात लावू नका.
प्रवाळावर उभं राहू नका, तो दगड नाही.
काचेत थुंका, चोळा, विसळा.
नळी दातांत धरा आणि नाक आहे हे विसरा.
पाच वर्षं, त्या बेटावर, मोडक्यातोडक्या चार भाषांत,
लग्नाला आठवडा झालेल्यांना,
बँकेतून निवृत्त झालेल्यांना,
एकदा एका बाईंना, ज्या पाण्याखाली रडल्या
आणि वर येऊन म्हणाल्या, तुमचा चष्मा गळतो.

तिथे सगळं दिसायचं.
पोपटमासा प्रवाळ कुरतडायचा,
शेजारी कुणी चणे खातंय असा आवाज.
समुद्रफुलाच्या बोटांतून विदूषकमासा
पाहुण्यांवर धावून यायचा, अंगठ्याएवढा.
एका कासवाला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो.
मग एका रात्री भाऊंनी वाळूत अंडी घातली.

यंदा बोटीच्या मालकाने धंदा विकला.
मी घरी आलो, ऐरोलीला, दिव्याच्या कोळीवाड्यात.
एक बॅग, एक चष्मा, एक नळी.

आमची खाडी तुम्ही पुलावरून पाहिली असेल.
वरून शिशासारखी.
थंडीत रोहित येतात, चोच उलटी करून चिखल गाळतात,
माणसं लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन बोटीत बसतात
आणि खाली कुणीच पाहत नाही.
पाहून काय पाहणार?

मी पाहिलं. लाज कसली.
ओहोटी लागल्यावर चांगुणाआतेच्या होडीतून उतरलो,
कमरेएवढ्या पाण्यात, चष्मा लावून, तोंड खाली.
चहा.
दुधाचा, गाळायचा राहिलेला.
माझाच हात कोपरापुढे नव्हता.
नळीतून माझाच श्वास,
घरात कुणी नसताना चालू राहिलेल्या पंख्यासारखा.
वर आलो तर आते होडीचा काठ धरून हसत होती.
"काय दिसला रं? सोन्याची मासली?"

मग तिने काष्टा आवळला आणि उतरली.
पायांनी तळ चाचपत निघाली,
दिवे गेल्यावर काडेपेटीकडे जावं तशी.
"यो खुबा. यो पन.
यो मेलेला, आत चिखल भरलाय.
हितं चिंबोरीचा बील हाय, बोट घालू नको.
पोटरीला काय लागला ना आता, ती बोय. उडंल बघ."
उडाली. एक चांदीची रेघ,
पुलाच्या सावलीत शिरली.

"पण दिसत काहीच नाही गं."
"मंग डोले मीट. उगाच उगडं ठेवून खारवतोस."

मिटले. तिने पाण्याखालीच
माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं,
गार, उभ्या रेघांचं, सुपारीहून जरा मोठं.
ते थोडं उघडं होतं.
माझं बोट लागलं आणि बंद झालं.
पाच वर्षं मी सांगत होतो, हात लावू नका.
बरोबरच सांगत होतो.
तरी मूठ उघडायला मला वेळ लागला.

कांदळाच्या मुळांपाशी निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या,
डोळे डोक्यावर, पाण्यातल्याही आणि काठावरच्याही.
त्यांना मी अगदी स्वच्छ दिसत असणार.

दुपारपर्यंत टोपलीत निम्मे खुबे,
तीन प्लास्टिकच्या बाटल्या,
एक लहान मुलाची चप्पल, डाव्या पायाची.
"आयच्या टायमाला दोन टोपल्या भरायच्या,"
आते म्हणाली, आणि चप्पल नळाखाली धुऊन
कुंपणावर अडकवून ठेवली,
कुणी शोधत आलंच तर.

मी होडीच्या आतल्या फळीवर खडूने लिहिलं:
आज व्हिजिबिलिटी एक वीत.
संध्याकाळी तिने होडी धुतली, तेव्हा पुसलं गेलं.

चष्मा आता आतेकडेच असतो.
कांदा चिरताना लावते.